नावाचा रकाना

४ मार्च, मंगळवार

सकाळी संगणक उघडला तर सदतीस अर्ज. चहाही झाला नव्हता.

वेबसाइट सुरू होऊन आठच महिने झालेत आणि लोकांना जणू पूर्वजांची तहान लागली आहे. आमचं काम साधं. जुन्या प्रसूतिगृहांची, दवाखान्यांची रजिस्टरं तळघरातून वर येतात. शेजारच्या टेबलावरचा फुंकर ती पानापानाने स्कॅन करतो. (प्रत्येक पानावर आधी फुंकर मारतो म्हणून हे नाव. खरं नाव आता त्यालाही हाक मारल्यासारखं वाटत नसेल.) मी स्कॅन वाचून नावं यादीत टाइप करते. मी टाइप केलं की जगाच्या पाठीवर कुठूनही सापडतं. नाही केलं तर कुणालाच सापडत नाही. हे मधूनच लक्षात येतं आणि बोटं थबकतात.

अर्जाच्या शेवटी एक रकाना आहे – 'शोध कशासाठी?' सक्तीचा नाही, तरी सगळे भरतात. मी सुरुवात तिथूनच करते. आज एकीने लिहिलं होतं, डॉक्टरांनी विचारलं घरात हा आजार आधी कुणाला होता का, आणि मी नुसती बघत बसले. एका आजोबांच्या नातीला शाळेत वंशवृक्ष काढायचा आहे – 'आमचं झाड माझ्यापाशी येऊन थांबतं, खाली मुळंच नाहीत.' दोघा भावांचं भांडण चाललंय, पणजोबा शिंपी की सुतार. एकाने लिहिलं, 'आई गेली. कपाट आवरताना फोटो निघाले. आता विचारायचं कुणाला?' आणि नऊ जणांनी लिहिलंय, 'सहज'. या सहजवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. सहज आलेला माणूस सात-सात वेळा परत येत नाही.

एक अर्ज निराळा. वय सहासष्ट. कुणाचा शोध – बहीण. नाव – माहीत नाही. कशासाठी – 'आईने विचारलं.'

उत्तर पाठवलं : नावाशिवाय शोध घेता येत नाही. नियमाप्रमाणे.

दुसरा नियम, कुणाचं नाव इमारतीबाहेर न्यायचं नाही. तो मी या वहीतही पाळते. ताई म्हणते, तुझी वही म्हणजे बिननावाच्या माणसांची चाळ.

६ मार्च, गुरुवार

सहासष्टवाल्यांचे आज चार अर्ज. नावाच्या जागी एकदा 'मुलगी', एकदा 'बाळ', एकदा आईचं नाव, एकदा वडिलांचं. चारही वेळा पडद्यावर तेच, 'नोंद सापडली नाही'. कशासाठी – 'आईने विचारलं.' एक अक्षर कमी नाही की जास्त नाही.

फुंकर म्हणाला, "चिवट दिसतोय माणूस."

१० मार्च, सोमवार

त्यांचा फोन आला. अर्जांची संख्या नऊवर गेली होती. मीच शेवटी लिहिलं होतं की फोन करा.

आवाज मोठा, पण जपून बोलणारा. आधी माफी मागितली. "मॅडम, मी तुमचं डोकं खातोय हे कळतंय मला. पण ते यंत्र प्रत्येक वेळी नाही म्हणतं आणि मला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं." संगणक याच वर्षी शिकले, नातीकडून. आधी बस चालवायचे. चौतीस वर्षं.

मग सांगितलं. आई एक्याण्णव वर्षांच्या. जानेवारीत न्हाणीघरात पडल्या, कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणाला खिळून. एके दिवशी हे त्यांना भरवत होते. घास तोंडाशी नेला तर आई म्हणाल्या, 'तुझ्या आधीची जी, ती होती असं कुठे लिहिलंय का रे?'

यांना वाटलं भ्रम झाला. पण आई अगदी शुद्धीवर. एकोणीस वर्षांची असताना पहिली मुलगी झाली, म्हणाल्या. मेलेलीच आली. घरचे म्हणाले, विसर, दुसरं होईल. पाच वर्षांनी हे झाले. त्यानंतर कधी कुणी विषय काढला नाही.

"सहासष्ट वर्षं मी थोरला म्हणून मिरवलो, मॅडम," काका म्हणाले. "धाकटा निघालो."

मी विचारलं, मुलीचं नाव?

"विचारलं आईला. म्हणाली, नाव कुठलं, ठेवूच दिलं नाही."

म्हणाले, एकदा येऊन भेटतो. मी या म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ एकही नाव टाइप झालं नाही.

१२ मार्च, बुधवार

काका येऊन गेले. उंच, खांदे थोडे पुढे आलेले, इस्त्रीचा शर्ट. बसने आले. "दुसरा चालवत असला की माझा पाय सारखा ब्रेक दाबत असतो. उतरेपर्यंत पोटरी दुखते."

खिशातून एक कागद काढला. आईला जे जे विचारलं ते एकाखाली एक लिहून आणलं होतं. महिना – उन्हाळा, शाळांना सुट्टी लागलेली. दवाखाना – नदीकडचा, दार हिरवं. वेळ – सकाळ, उजाडल्यावर. बाळ दाखवलं का – नाही. रडण्याचा आवाज – नाही. शेवटच्या ओळीत नुसतं 'मग?', पुढे काहीच नव्हतं. मी बोट ठेवलं. म्हणाले, "तिथे आई थांबली. मग मीही थांबलो."

चौतीस वर्षांत तीन मेमो मिळाले म्हणे, तिन्ही एकाच गुन्ह्यासाठी. स्टॉपवरून गाडी सुटली आणि आरशात कुणी धावत येताना दिसलं की हे थांबायचे. वेळापत्रक बिघडायचं. "वरचे साहेब म्हणायचे, जो वेळेवर आला नाही तो प्रवासीच नाही. मला काही ते पटलं नाही."

फुंकरने कधी नव्हे तो स्वतःच्या डब्यातलं काढून त्यांना दिलं. फुंकर कुणाला देत नाही.

ते गेल्यावर खरी गोष्ट उमगली, आणि ती इथे लिहायलाच हवी. त्या दवाखान्याची रजिस्टरं डिसेंबरात माझ्याच हातून गेली आहेत. त्यात तीन पातळ रजिस्टरं निराळी होती. कण्यावर 'उपजत मृत' असं लिहिलेली. तिन्हीत नावाचा रकाना कोरा. आमच्या सूचनेत स्पष्ट आहे, नाव नसल्यास पुढची ओळ घ्यावी. मी पुढची ओळ घेतली. मग पुढची. तीन रजिस्टरं एका दुपारी उरकली. त्या दिवशी काम लवकर संपलं म्हणून खूश होऊन मी घरी जाताना चप्पल घेतली होती.

यंत्र नाही म्हणत नव्हतं. मी म्हणत होते.

१३ मार्च, गुरुवार

सापडली.

स्कॅनवर पाहिली. दुसरं रजिस्टर, पान एकतीस. बहात्तर वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली एक तारीख. आईचं नाव, वय एकोणीस. स्त्री. वजन. वेळ सकाळी सहा वीस. शेवटी सही, दोन अक्षरांची. नाव – कोरं.

काकांना फोन केला. मी सांगितलं, नोंद आहे.

मग म्हणाले, "लिहिलंय?"

"लिहिलंय."

"शाईने?"

"हो काका, शाईने."

"ठीक आहे," म्हणाले. "ठीक आहे. ठीक आहे."

१७ मार्च, सोमवार

काकांनी आईला सांगितलं. आज फोन करून मला सांगत होते. आजींनी सगळं पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. तारीख, वेळ, वजन. वजन ऐकल्यावर म्हणाल्या, 'म्हणजे चांगली भरलेली होती.' मग विचारलं, 'आणि नावाच्या जागी?'

काका म्हणाले, 'कोरं आहे, आई.'

'असू दे,' आजी म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

"मी काही चुकीचं केलं का?" काका मला विचारत होते. मला काय माहीत.

१८ मार्च, मंगळवार

ताईला म्हटलं, आपले आजोबा नक्की काय करायचे गं? ती म्हणाली, गिरणीत होते. मी म्हटलं, नाही, आई म्हणायची तेलाच्या घाण्यावर. वाद झाला. शेवटी ताई म्हणाली, "विचारायला उरलंय कोण? तू आणि मी. आणि आपण दोघी तर भांडतोय."

लोक का शोधायला लागतात ते मला अर्जांतून जितकं कळलं नव्हतं तितकं या एका वाक्यात कळलं.

२४ मार्च, सोमवार

काकांना शिक्क्याची प्रत हवी आहे. आईच्या उशाशी ठेवायला. स्कॅनवरून काढायला गेले तर नावाच्या रकान्यात बारीक काळे ठिपके. धूळ असेल. पण शिक्का मारायचा तर प्रत स्वच्छ हवी, म्हणून मूळ पान पाहायचं ठरवलं.

मूळ रजिस्टरं खोक्यांत बांधून व्हरांड्यात ठेवलेली. स्कॅन झालेला कागद लगद्याला जातो. चार एप्रिलला कारखान्याची गाडी यायची आहे. फुंकरने खोका खाली घेतला, सुतळी कापली. मी रजिस्टर घेऊन खिडकीशी गेले, कारण ट्यूबलाइटखाली ती शाई निळी दिसते की काळी ते कळत नाही.

पान एकतीस. उजेड आडवा पडला आणि रकाना कोरा नव्हता.

पेन्सिल. अगदी फिकट, कठीण टोकाची, हात हलका ठेवून लिहिलेली. चार अक्षरं. एका मुलीचं नाव.

मी फुंकरला हाक मारली. माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, तो धावतच आला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पानावर फुंकर मारायची सोडून श्वास रोखून उभा राहिला.

पान उलटलं. तिथेही. मागचं उलटलं. तिथेही. प्रत्येक ओळीत. आमचं यंत्र नुसतं काळं आणि पांढरं ओळखतं. मधला राखाडी रंग ते पांढऱ्यात टाकून देतं.

२५ मार्च, मंगळवार

मोजली. दोनशे चौदा.

अकरा वर्षं, तिन्ही रजिस्टरांत, एकच हात. अकरा वर्षांनंतर शेवटची सही बदलते, तिथून रकाना खरोखर कोरा. म्हणजे ही सही करणारी सिस्टरच लिहीत होती.

पहिल्या रजिस्टरच्या आतल्या पुठ्ठ्यावर छापील सूचना चिकटवलेली आहे. सातवी सूचना : 'उपजत मृत अपत्यास नाव देऊ नये. सदर रकाना कोरा ठेवावा.' तिने ती रोज पाहिली असणार. बाकी सगळं शाईने भरलं, कारण शाईने भरायला सांगितलं होतं. आणि जिथे काही लिहायचं नव्हतं तिथे पेन्सिलीने लिहिलं. कुणी जाब विचारला असता तर खोडता आलं असतं. कुणी विचारला नसेल. त्या रकान्याकडे बघायला आलं होतं कोण?

काय डोकं आणि काय काळीज असेल त्या बाईचं. दिवसभर जिवंत बाळांची धावपळ, बायकांच्या कळा, उकळतं पाणी, वरून डॉक्टरांची घाई. आणि त्यातून वेळ काढून ही बाई बसून एकेका मुलाला नाव सुचवत होती. कुठून सुचत असतील इतकी? काही अगदी जुन्या वळणाची आहेत, त्या काळातही कुणी ठेवली नसती अशी. काही लाडाची, घरात हाक मारतात तशी. एक नाव तर चार वेळा आलंय. थकली असेल त्या दिवशी. मीही थकले की तीच भाजी आणते.

२६ मार्च, बुधवार

साहेबांकडे गेले. फुंकरही आला, बोलावलं नव्हतं तरी.

मी म्हटलं, ही तीन रजिस्टरं पुन्हा स्कॅन करावी लागतील. रंगीत. आणि मूळ प्रती ठेवाव्या लागतील.

साहेब वाईट माणूस नाही. त्यांच्यामागे तक्त्यांचा ससेमिरा आहे. म्हणाले, "झालेलं काम परत करायचं म्हणजे मला वर कारण द्यावं लागेल. काय देऊ? पेन्सिल?"

"हो साहेब. पेन्सिल."

"अहो, ती नोंद अधिकृत नाही. सूचनेच्या विरुद्ध आहे. तुम्हीच वाचून दाखवताय सातवी सूचना."

मी रजिस्टर त्यांच्या खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. ते उठले, चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघू लागले. एक पान. दुसरं. मी उलटत राहिले. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, त्यांनी उत्तर दिलं नाही.

मग जागेवर जाऊन बसले. सातवी सूचना स्वतः वाचली, दोनदा. म्हणाले, "कोरा ठेवावा असं इथे लिहिलंय. भरलेला दिसला तर नष्ट करावा असं कुठे लिहिलंय?"

फुंकर म्हणाला, "कुठेच नाही साहेब."

"मग ठेवा. वर काय सांगायचं ते माझ्याकडे लागलं. पण तुमचं रोजचं काम अडता कामा नये. सुट्टीच्या दिवशी करा."

२७ मार्च, गुरुवार

साहेबांनी लेखी आदेश काढला. कारणाच्या जागी लिहिलंय – 'मजकूर आढळला.' दोनच शब्द, पण मला पुरले.

३० मार्च, रविवार

सुट्टी. मी आणि फुंकर दोघंच. इमारतीत आमच्या पावलांचा आवाज घुमत होता. यंत्र रंगीत स्कॅनला चौपट वेळ घेतं. फुंकरने पानं लावली, मी एकेक उघडून नाव वाचत टाइप करत गेले. पडद्यावर मोठं केलं की पेन्सिल अशी वर येते, जणू कुणी आत्ता लिहिलंय.

काही ठिकाणी टोक दाबलं गेलंय. कागदावर खळी पडली आहे. तिथे ती जरा थांबली असेल.

फुंकर फार बोलत नाही. दुपारी एकदम म्हणाला, "आमच्याकडेही एक होतं. मोठ्याच्या आधी." मी मान हलवली. त्याने पुढचं पान लावलं.

दोनशे चौदावं टाइप केलं तेव्हा ऊन पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. कळ दाबली. आता जगाच्या पाठीवर कुठूनही सापडतील.

१ एप्रिल, मंगळवार

सहीवरून माणूस शोधला. सेवकांच्या नोंदवहीत दोन अक्षरं जुळली. परिचारिका, नोंदींचं काम तिच्याकडे. अकरा वर्षं नोकरी, मग बदली, मग निवृत्ती. गेली त्यालाही चाळीस वर्षं झाली. शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ – 'काम नियमित. बोलणे कमी.'

मी ती ओळ वाचून हसले. आणि मग हसू कुठे गेलं कळलं नाही.

तिच्या घरचं कुणी आहे का ते पाहिलं. लग्न नाही, मूल नाही. तिला शोधणारा अर्ज आमच्याकडे कधीच येणार नाही. दुसऱ्यांची दोनशे चौदा मुलं कागदावर ठेवून गेली आणि तिला शोधायला कुणी नाही. मी तिचं नाव यादीत टाइप करून ठेवलं. असू दे.

२ एप्रिल, बुधवार

ताईला सगळं सांगितलं, नावं सोडून. ताई भाजी निवडत होती, हात थांबले. नेहमी काहीतरी तिरकस बोलते. आज म्हणाली, "लोकांचा सगळा जन्म दुसऱ्याला नावं ठेवण्यात जातो. ही बाई नाव ठेवत होती."

मग थोड्या वेळाने : "पण आईला चालेल का गं ते? लेक तिची आणि नाव परक्या बाईच्या मनातलं."

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं असं नाही. काकांना अजून कळवलेलं नाही ते त्यामुळेच. एक्याण्णव वर्षांच्या बाईपुढे बहात्तर वर्षांनी एक नाव नेऊन ठेवायचं, तेही तिला न विचारता ठेवलेलं. 'असू दे' म्हणून तिने भिंतीकडे तोंड केलंय. तिला पुन्हा इकडे वळवायचा हक्क मला कुणी दिला?

४ एप्रिल, शुक्रवार

कारखान्याची गाडी येऊन गेली. एकशे दहा खोकी. हमाल भराभर उचलत होते. साहेब स्वतः खाली येऊन उभे राहिले होते, हातात यादी, जणू लग्नाचं सामान चाललंय. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मला म्हणाले, "तुमची तीन माझ्या कपाटात आहेत. किल्ली माझ्याकडे."

दुपारी काकांना फोन केला. सगळं सांगितलं. परिचारिका, पेन्सिल, सातवी सूचना. ताईची शंकाही सांगितली, ती लपवणं बरं नाही.

काका म्हणाले, "मॅडम, माझ्या बहिणीला कुणीतरी एकदा तरी नावाने ओळखलं. परकी असेल, पण ओळखलं ना. मला तर बहीण होती हेच सहासष्टाव्या वर्षी कळलं. मी कोण लागून गेलो परकं-आपलं ठरवणारा?"

"आणि आजी?"

"आई चिडली तर चिडू दे. जानेवारीपासून चिडलेली नाही, मला त्याचीच काळजी आहे."

रविवारी या म्हणाले. प्रत तुम्हीच आणून द्या. एकट्याने वाचायची हिंमत होत नाही.

५ एप्रिल, शनिवार

रंगीत प्रत काढली. जाड कागदावर. साहेबांनी शिक्का मारला. पेन्सिलीवर पडणार नाही असा, बाजूला जपून.

आज एका दिवसात वेबसाइटवर त्या तीन रजिस्टरांच्या पानांवर एकोणीस जण येऊन गेले. कुठून कुठून. एक तर समुद्रापलीकडून. दोघांनी अर्ज केलेत. 'शोध कशासाठी?' – एकाने लिहिलंय, 'आजी झोपेत एक नाव घ्यायची. ते आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं.'

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसता योगायोग वाटला. नाव त्याने दिलंय, ते आमच्या यादीत आहे, आणि त्याच्या आजीच्याच ओळीत. चक्रावून गेले. परिचारिकेने सुचवलेलं नाव त्या आजीच्या तोंडी कसं? त्या सिस्टरने जाताना हळूच सांगितलं असेल का तिला?

६ एप्रिल, रविवार

खोली लहान, खाट खिडकीशी ओढलेली. आजी म्हणजे नुसते डोळे. काकांनी प्रत धरली आणि नाव वाचलं. एकदाच.

आजी रडल्या नाहीत. हात पुढे केला. कागद घेऊन छातीवर पालथा ठेवला. म्हणाल्या, "लिहिलं म्हणजे तिने."

काका म्हणाले, "आई, हे नाव त्या सिस्टरने तिच्या मनाने–"

"तिच्या मनाने कसं? मी सांगितलं. खाटेशी वाकून म्हणाली, काय ठेवणार होतीस गं? घरात कुणी विचारलं नाही, हिने विचारलं. मी कानात सांगितलं. मला वाटलं, माझी समजूत काढायला विचारत असेल."

घरी येताना बसमध्ये बसायला जागा होती, तरी उभीच राहिले.

ती नावं सुचवत नव्हती. दोनशे चौदा खाटांशी वाकून विचारत होती.